लाम्पांग लुआंगचा विहार आणि त्याचे गाव



दिवसभर उकाड्याने जीव हैराण झाल्यावर संध्याकाळी गच्चीवर वारा खात बसावयाचे सोडून आपण येथे येऊन बसला आहात. अशा श्रोत्यांना प्रवासातील विमानाच्या, हॉटेलांच्या आणि खाण्यापिण्याच्या हकिकती सांगणे बरे नव्हे. थायलंडला जाऊन आलेली माणसे आता प्रत्येक आळीत भेटतात आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे आपण पाहिलेलीच असतात. म्हणून आजच्या तासाभरात आम्ही एकाच खेड्यातील एकाच देवळाविषयी बोलणार आहोत. आम्ही म्हणजे दोन जोडपी, असे चौघे. कार्तिकी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तेथे गेलो होतो. तेथे जे पाहिले त्यातून एक प्रश्न आमच्या मनात उभा राहिला. जुनी वास्तू टिकते ती कशाने? दगडाने, कुलपाने, की माणसांनी? हा प्रश्न आपल्या गावालाही लागू आहे, म्हणून तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम स्थळाची ओळख करून देतो. बँकॉकच्या उत्तरेस सुमारे 600 किलोमीटरवर लाम्पांग नावाचे शहर आहे. येथे आगगाडी 1916 साली आली. सागवानाच्या व्यापाराने या शहराला एके काळी भरभराट आणली आणि त्या व्यापारात मुंबईचे नाव धारण करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनीही होती. इतर शहरांतून नाहीसे झालेले घोड्याचे टांगे येथे अजून दिसतात. या शहरापासून अठराएक किलोमीटरवर को खा नावाच्या तालुक्यात आमचे देऊळ आहे. वाटेत दोन्ही बाजूंना पिकून पिवळी झालेली भातशेते लागतात. मध्येच केळीची झाडे, खांबांवर उभारलेली लाकडी घरे, अंगणात कोंबड्या. आपल्याकडचा कोकणी माणूस येथे डोळे मिटून आणून सोडला तर डोळे उघडल्यावर प्रथम तो परका देश म्हणून ओळखणार नाही.

देवळाचे पूर्ण नाव वाट फ्रा थात लाम्पांग लुआंग. थाई भाषेत देवळाला ‘वाट’ म्हणतात. कंबोडियातील अंकोरवाट आपण ऐकले असेल, त्यातलेच हे वाट. आपल्या चालावयाच्या वाटेशी त्याचे नाते नाही. ‘थात’ मात्र आपल्या घरचा शब्द आहे. तो म्हणजे ‘धातु’, बुद्धाचे अवशेष. तिकडे शब्दाच्या शेवटच्या ‘र’चा ‘न’ होतो. त्यामुळे विहाराचे विहान आणि चीवराचे चीवोन झाले. देवळाच्या आवारातील धर्मशाळेला ‘साला’ म्हणतात, भिक्षूच्या खोलीला ‘कुटी’ म्हणतात आणि गावातल्या शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात. तो आपला गुरूच. आम्हांला देऊळ दाखविणारे गृहस्थ असेच एक निवृत्त ख्रू होते. गावात जन्म, गावातच नोकरी आणि आता सकाळ-संध्याकाळ देवळात. त्यांना थोडे इंग्रजी येत होते, आम्हांला पाचसहा थाई शब्द. बाकीचे काम हातवाऱ्यांनी भागले.

देऊळ एका लहानशा टेकाडावर आहे आणि भोवती विटांची भक्कम भिंत आहे. पूर्वी येथे तटबंदीची वसाहतच होती. मातीचे बांध आणि खंदक यांच्या खुणा आजही दिसतात. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नागांची लांबलचक अंगे वर चढत जातात. त्यांवरून नक्षीदार दरवाजात पोचावे आणि आत पाऊल टाकावे तो पायांखाली फरशी नाही, स्वच्छ झाडलेली वाळू आहे. या वाळूविषयी पुढे सांगावयाचे आहे.

समोर मोठा विहार उभा आहे. तो 1476 साली बांधला असे परंपरा सांगते आणि थायलंडमधील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. त्याला बाजूच्या भिंतीच नाहीत. सागाचे जाडजूड खांब आणि त्यांवर एकावर एक उतरत आलेली छपरे, इतकेच. छप्पर कडेला इतके खाली येते की बाहेरचे ऊन जमिनीवर पडून मगच आत शिरते. वारा मोकळा वाहतो. मध्ये सोनेरी कोनाड्यात 1563 साली ओतलेली बुद्धमूर्ती आहे आणि छपराच्या खालच्या फळ्यांवर जातककथांची चित्रे आहेत. विहारामागे चैत्य आहे. तो 1449 साली उभारला गेला. पाया चौरस, एकेक बाजू 24 मीटर, उंची 45 मीटर. अंगावर तांब्याचे व काशाचे पत्रे, त्यांवर शतकांचा हिरवट गंज. चिआंग माईचा राजा तिलोकरात याच्या कारकिर्दीतला हा काळ. त्याच राजाच्या आश्रयाने 1477 साली चिआंग माईला धर्मसंगीती भरली आणि त्रिपिटकाचे पाठ तपासले गेले. म्हणजे उत्तरेकडील त्या लान्ना राज्याचा हा ऐन भराचा काळ होता.

प्रत्येक जुन्या देवळाला असते तशी याचीही स्थलकथा आहे. बुद्ध फिरत फिरत या ठिकाणी आले, तेव्हा लुआ नावाच्या रानवासी जमातीतील एका माणसाने त्यांना लाकडी नळीत भरलेला मध, नारळ आणि बेलफळ अर्पण केले. बुद्धांनी त्याला आपला एक केस दिला आणि येथे नगर वसेल असे भविष्य सांगितले. तो केस जमिनीत ठेवून त्यावर चैत्य उभा राहिला. इतिहास म्हणून ही कथा कोणी मानणार नाही. परंतु कथेत पहिला दाता कोण आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तो राजा नाही, शेठसावकारही नाही. रानातून मध गोळा करणारा एक माणूस आहे.

दुसरी हकिकत मात्र इतिहासातील आहे. 1558 पासून लान्ना ब्रह्मदेशाच्या अंमलाखाली होते. पुढे तो अंमल ढिला झाला आणि जागोजागी बंडाळी माजली. 1732 साली लांफूनच्या सरदाराने फौजेनिशी हेच देऊळ बळकावून आपला तळ केले. तेव्हा थिप चांग नावाचा एक शिकारी थोड्या साथीदारांसह रात्री पाण्याच्या मोरीतून सरपटत आत शिरला आणि त्याने त्या सरदाराला गोळी घातली. चैत्याभोवतालच्या धातूच्या कठड्याला त्या गोळीचे भोक पडले, ते आजही दाखवितात. या शिकाऱ्याला लोकांनी राजा केले. त्याचा नातू काविला याने पुढे सयामशी हात मिळवून ब्रह्मी सत्ता उखडण्यास मदत केली, आणि लाम्पांग, चिआंग माई व लांफून येथे याच घराण्याने राज्य केले. ख्रूंनी आम्हांला ते भोक बोट लावून दाखविले. शेजारी एक आजोबा आपल्या नातवालाही तेच दाखवीत होते. दोनशे नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट ते कालपरवाची असल्यासारखी सांगत होते. पन्हाळ्याची किंवा सिंहगडाची वाट चढताना आपली माणसे बोलतात, अगदी तसे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उष्ण प्रदेश, मुसळधार पाऊस, वाळवी, आग आणि लढाया. एवढे सारे असताना लाकडाची इमारत पाचशे वर्षे कशी राहिली?

आमच्यापैकी एकाने ख्रूंना सरळ विचारले, “छपराचा खर्च कोण करते?” त्यांनी उत्तर देण्याऐवजी आम्हांला दुसऱ्या दिवशी जवळच्या एका लहान वाटमध्ये नेले. तेथे छपराची दुरुस्ती निघाली होती. अंगणात नव्या कौलांची चवड लावलेली होती, शेजारी मेजावर शाईची लेखणी आणि एक डबा. येणारा माणूस डब्यात यथाशक्ति पैसे टाकी, एक कौल उचली आणि त्याच्या आतल्या बाजूवर आपले नाव लिही. कोणी घरातल्या सर्वांची नावे लिही, कोणी वारलेल्या आईचे. थायलंडच्या कितीतरी देवळांत ही रीत आहे. कौल वर चढले की ते नाव कोणालाही दिसत नाही. ते दिसावे अशी अपेक्षाही नसते. त्याला ते ‘बुन’ म्हणतात. बुन म्हणजे पुण्य.

ती कौले पाहताना आम्हां सर्वांना एकदम कार्ले आठवले. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर आणि दारांवर ब्राह्मी लेख आहेत. ते राजांच्या स्तुतीचे लेख नाहीत. वैजयंतीचा शेठ भूतपाल, धेनुकाकटाचा अत्तरे विकणारा गंधिक सिंहदत्त, त्याच गावचा सामी नावाचा सुतार, अशांची ती नावे आहेत. कोणी खांब दिला, कोणी दार. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या घाटवाटेवर जे चालत होते, तेच आम्ही लाम्पांगजवळच्या त्या अंगणात पाहत होतो. दगडाऐवजी कौल आणि टाकीऐवजी शाईची लेखणी, इतकाच फरक. आणि कार्ल्याच्या छताला दगडाखाली ज्या सागवानी कमानी आहेत त्या आठवा. लाकडी सभागृहे बांधणाऱ्या लोकांनी तो डोंगर कोरला आहे. लाकूड आधी आणि दगड नंतर.

मग आपल्याकडचा दगड राहिला आणि माणसे गेली, तिकडे लाकूडही राहिले आणि माणसेही राहिली, हे कसे? सिंहली इतिवृत्ते सांगतात की अशोकाच्या काळी जे धर्मोपदेशक निरनिराळ्या देशांना धाडले गेले, त्यांत महाधम्मरक्खित महारट्ठास, म्हणजे आपल्याकडे आला आणि सोण व उत्तर हे सुवण्णभूमीस गेले. एकाच यादीत आपली आणि त्यांची नावे आहेत. आपली लेणी का ओस पडली, याची कारणे विद्वान अनेक देतात. राजाश्रय गेला, व्यापाराच्या वाटा बदलल्या, धर्ममते बदलली. त्या वादात आज शिरत नाही. एवढे मात्र निश्चित की ज्या दिवशी शेवटच्या गंधिकाने आणि शेवटच्या सुताराने दान देणे थांबविले, त्या दिवशी लेणे संपले. कातळ तेवढा उरला.

आता त्या वाळूविषयी. थायलंडचे नवे वर्ष एप्रिलच्या 13 ते 15 तारखांना येते. त्याला ‘सोंगक्रान’ म्हणतात. आपली संक्रांतच ती, मकरेऐवजी मेषेची. एकमेकांवर पाणी उडविण्याचा सण म्हणून तो जगभर ठाऊक झाला आहे. परंतु खेड्यांतून त्याचा आणखी एक विधी आहे. लोक नदीकाठची वाळू भांड्यांतून देवळात आणतात आणि तिचे लहान लहान चैत्य रचून त्यांवर रंगीत निशाणे खोवतात. याचे कारण ख्रूंनी सांगितले ते असे. वर्षभर देवळात जाता-येता पायांना थोडी थोडी वाळू लागून घरी जाते. देवळाची वस्तू अशी नकळत घरी नेली, तर ती परत केली पाहिजे. म्हणून वर्षाच्या आरंभी ती फेड.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. कोणाच्या पायाला किती वाळू लागली, हे कोणी मोजत नाही आणि मोजताही येणार नाही. पण आपण देवळाचे देणे लागतो, ही गोष्ट घरातल्या लहान पोरालाही एका भांडेभर वाळूने कळते. छपराची कौले, पावसाळ्यानंतर भिक्षूंना वस्त्रे देण्याचा कठिन-चीवराचा सोहळा, पहाटे भिक्षापात्रात घातलेला भात. ही सर्व त्याच हिशेबातील कलमे होत. लाम्पांग लुआंगचा विहार या हिशेबावर उभा आहे.

एवढे सांगून थांबलो तर चित्र एकाच बाजूचे होईल. दुसरी बाजू सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट अशी की, वापराने वास्तू टिकते तशी ती मोडतेही. जुने पाडून नवे चकचकीत बांधण्यातही पुण्य आहे अशी समजूत असल्यामुळे त्या देशातील कित्येक जुने विहार भाविकांच्या हातूनच गेले. सरकारचा कलाविभाग प्राचीन वास्तूंवर देखरेख ठेवतो, ती म्हणूनच आवश्यक आहे. कुलूप हे काही नेहमीच शत्रू नसते.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आवारात बुद्धाच्या पादचिन्हाचे एक लहानसे उंच मंदिर आहे. दार लावून आत अंधार केला की भिंतीतील बारीक छिद्रातून प्रकाश येतो आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर बाहेरचा चैत्य रंगांसकट, पण उलटा, शिखर खाली आणि पाया वर, असा उमटतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, हा शाळेत शिकविलेला नियम येथे आपोआप सिद्ध होतो. दृश्य खरोखर मोहक आहे. पण पायऱ्यांशी फलक आहे: स्त्रियांनी वर जाऊ नये. आम्ही दोघे पुरुष पाहून आलो आणि आमच्या दोघी सहचारिणी उन्हात खाली उभ्या राहिल्या. जवळच्या दुसऱ्या एका विहारातही अशी छाया पडते व तेथे मज्जाव नाही, म्हणून ख्रू त्यांना तिकडे घेऊन गेले. तेथे त्यांच्यापैकी एकीने विचारले, “ख्रू, असे का?” ते म्हणाले, “जुनी रीत आहे.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “माझ्या आईने जन्मभर दर सोंगक्रानला येथे वाळू आणली. वरच्या खोलीत ती कधी गेली नाही.” यापुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

या गोष्टीवरून त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना पाऊल ठेवता आले ते 2016 साली, आणि तेही न्यायालयाची पायरी चढल्यानंतर. पण म्हणून गप्पही बसवत नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या लेण्यांतील लेखांत दाते म्हणून भिक्षुणींची नावे आहेत. म्हणजे त्या काळी संघात त्या होत्या आणि त्यांच्या दानाची नोंद होत होती. थायलंडमध्ये 1928 साली संघप्रमुखांनी स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्षूंना मनाई केली. जी माणसे वाळू आणतात त्यांतील निम्म्यांना एका खोलीचे दार बंद आहे. देवळाने गावाचे काही देणे लागत असेल, तर आमच्या मते हे त्यातले पहिले देणे आहे.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची चित्रे आहेत. आपला हत्ती, मुले, अखेर पत्नीसुद्धा दान करणाऱ्या राजपुत्राची ती कथा. आपण तेथे जातो तेव्हा वाटाड्या बत्ती धरून ती समजावून सांगतो, कारण आपल्याला ती ठाऊक नसते. थायलंडात हाच राजपुत्र ‘वेत्सन्दोन’ म्हणून घरोघरी परिचित आहे. त्याची कथा तेरा कांडांत आणि एक हजार गाथांत देवळातून वाचली जाते. उत्तरेकडे हे वाचन कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास होते. म्हणून आम्ही गेलो तेव्हा लाम्पांग लुआंगला तयारी चालू होती. बांबूच्या कमानी, केळीचे खुंट, उसाची कांडे, कागदी आकाशकंदील. आपल्या दिवाळीचेच साहित्य. विहाराच्या कडेला बसून दोन म्हाताऱ्या वाती वळीत होत्या. विश्वंतराची मुले मागून नेणारा तो लोभी ब्राह्मण, त्याचे नाव निघताच त्यांनी अशी काही तोंडे केली की भाषा न कळताही आम्हांला हसू आले. इकडे कथा भिंतीवर राहिली. तिकडे ती म्हातारीच्या तोंडी आहे.

परंतु हे असेच राहील का? ख्रूंना याची काळजी होती. गावातील तरुण बँकॉकला आणि चिआंग माईला कामाला जातात. पूर्वी घरातला एक मुलगा तरी श्रामणेर होऊन देवळात राही, तेथेच लिहावाचावयास शिके. आता श्रामणेरांची संख्या उतरत चालली आहे. बैलाच्या वर्षी जन्मलेल्यांनी जन्मात एकदा या चैत्याचे दर्शन घ्यावे अशी तिकडे समजूत आहे, त्यामुळे दूरदूरचे यात्रेकरू येतात. बाहेरच्या दुकानांतून तळलेल्या भाताच्या गोड चकत्या आणि कोंबड्याचे चित्र काढलेली वाडगी खपतात. देवळाला पैशाची वाण पडणार नाही. ख्रू म्हणाले, “पैसे बँकॉकहून येतील. वाळू कोण आणील?”

श्रोतेहो, हा प्रश्न आपलाही आहे. आपल्या नदीवरचा घाट, वेशीजवळचे जुने देऊळ, पेशवाईतला एखादा वाडा, शंभर वर्षांचे वाचनालय. यांची दुर्दशा झाली की आपण सरकारकडे अर्ज करतो. तो करावाच. पण अर्ज म्हणजे वाळू नव्हे. कार्ल्याला आज पुरातत्त्व खात्याचा पहारा आहे आणि लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आईच्या देवळात आगरी-कोळी भक्तांची रीघ लागते. त्याच डोंगरावर राखलेली वास्तू आणि जागता देव शेजारी शेजारी आहेत. दोन्ही हवेत, आणि त्यांची एकमेकांशी ओळख हवी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांतून नवे विहार उभे राहिले आहेत. त्यांतील कित्येक लोकांनी मजुरीतून पैपैसा जमवून बांधलेले आहेत. सिंहदत्त गंधिकाची परंपरा कोणाकडे आली असेल, तर ती या माणसांकडे आली आहे.

आम्हांला जे दिसले ते सांगितले. त्यातून एकच विनंती करावयाची आहे. उद्या सकाळी आपल्या गावातील ज्या जुन्या जागेचा आपण वापर करतो, मग ते देऊळ असो, विहार असो, मशीद असो की वाचनालय असो, तेथून आपल्या पायांबरोबर काय काय घरी आले आहे याचा प्रत्येकाने हिशेब करावा, आणि एक भांडेभर तरी परत न्यावे. नेताना कोणाला दाराबाहेर उभे केलेले नाही ना, हेही पाहावे.